एव्हरेस्टला कंपनीबरोबर जायचंय: 42 हजार आणि 75 हजार डॉलरमध्ये फरक नक्की कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे की दोन-तीन वर्षांत नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट करायचंय, गाईडेड, आतापर्यंत बेसकॅम्प ट्रेक आणि आयलंड पीक झालंय, चार कंपन्यांकडून कोटेशन मागवली तर एक 42 हजार डॉलर म्हणते, एक 75 हजार, आणि दोघांच्या यादीत परमिट, शेर्पा, ऑक्सिजन, टेंट, जेवण सगळं सारखंच दिसतंय. मग मधले 33 हजार कशाचे, आणि प्लॅनिंग सुरू कुठून करायचं?

मोहिमा आखणं आणि त्यांच्याबरोबर वर जाणं हेच माझं काम आहे त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे यादीत फरक शोधू नका, सापडणार नाही, याद्या सगळे एकमेकांच्या बघूनच लिहितात. फरक असतो तो शिल्लक किती ठेवलीये यात. शिल्लक दिवस, शिल्लक सिलिंडर, शिल्लक माणसं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर स्वस्तातली मोहीम पण व्यवस्थित समिट करून येते, हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो, दरवर्षी कितीतरी लोक येतात तसे. पण साऊथ कोलवर (शिखराच्या खालची खिंड, शेवटचा कॅम्प म्हणजे कॅम्प 4 तिथेच) वारा एक दिवस जास्त राहिला, किंवा रात्री दोन वाजता बाल्कनीच्या (कोल आणि शिखर यांच्या मधला थांबायचा टप्पा) खाली कोणाचा ऑक्सिजनचा रेग्युलेटर बंद पडला, की तिथून पुढे दोन्ही कंपन्यांचे क्लायंट वेगवेगळ्या डोंगरावर असल्यासारखे असतात.

जे सगळ्यांना सारखं आहे ते आधी बाजूला काढू. परमिट एकच. 1 सप्टेंबर 2025 पासून नेपाळ सरकारने वसंत सीझनचं परमिट माणशी 11 हजारांवरून 15 हजार डॉलर केलं आणि त्यात भारतीय पासपोर्टला सवलत नाही, आपण परदेशीच. खुंबू आईसफॉलमधला (बेसकॅम्पच्या लगेच वरचा, भेगांनी फुटलेला हिमनदीचा उतार) रस्ता एसपीसीसी या स्थानिक संस्थेची माणसं लावतात, ज्यांना सगळे आईसफॉल डॉक्टर म्हणतात, शिड्या आणि दोर तेच सांभाळतात आणि त्याची फी सगळ्यांकडून घेतात. कॅम्प 2 च्या वरचे फिक्स रोप कंपन्यांच्या संघटनेमार्फत लागतात, तेही कॉमन. म्हणजे 42 हजारवाला आणि 75 हजारवाला त्याच शिडीवरून, त्याच दोराला जुमार (दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड) लावून चढतात. काही पैसे बेसकॅम्पच्या चैनीत जातात हे खरं आहे, गरम डोम, पलंग, कॉफी मशीन वगैरे. मी त्याला नावं ठेवत नाही कारण दीड महिना 5364 मीटरवर राहायचं तर झोप लागणं आणि पोट न बिघडणं ही छोटी गोष्ट नाही, स्वच्छ किचन हा माझ्या लेखी सेफ्टीचाच भाग आहे. पण कॉफी मशीन बघून कंपनी निवडू नका.

आता ऑक्सिजन, कारण इथे शिल्लक मोजता येते. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं "ऑक्सिजन समाविष्ट", बस. किती बाटल्या, कुठे ठेवलेल्या, कोण वर नेणार, काही नाही. नेहमीची बाटली 4 लिटरची असते, 300 बारला भरली तर साधारण 1200 लिटर गॅस. मिनिटाला 2 लिटर फ्लोवर ती 10 तास चालते, 4 वर फक्त 5 तास. एवढं धरून स्वतः कागदावर मांडा. कॅम्प 3 ला रात्री 1 लिटरवर 8 तास झोप, 480. दुसऱ्या दिवशी कॅम्प 3 ते साऊथ कोल 7 तास 2 लिटरवर, 840. कोलवर पोचल्यावर रात्री निघेपर्यंत आराम 12 तास 1 लिटरवर, 720. मग समिटची रात्र आणि दिवस, जाऊन येऊन 18 तास धरा, नवीन माणसाला एवढे लागतात, सरासरी 3 लिटर धरला तर 3240. परत आल्यावर कोलवर रात्र काढली 10 तास, 600. दुसऱ्या दिवशी कॅम्प 2 पर्यंत उतरताना 5 तास 2 लिटरवर, अजून 600. बेरीज 6480 लिटर, म्हणजे 5.4 बाटल्या. आणि हे सगळं वेळेवर झालं तर! बऱ्याच स्वस्त पॅकेजमध्ये 5 असतात. मग ते कसं जमवतात, तर फ्लो कमी ठेवून, म्हणजे समिटच्या रात्री तुम्हाला 2 वर चालवतात, तुम्ही हळू चालता, हळू चालल्यामुळे तास वाढतात, गारठता, आणि शेवटी गॅस तेवढाच लागतो. वर वाऱ्यामुळे कोलवर एक दिवस थांबावं लागलं तर 24 तास 1 लिटरने 1440, म्हणजे आणखी एक बाटली पूर्ण आणि दुसरीतली थोडी. त्यामुळे मी सात सांगतो, आणि त्या सातांव्यतिरिक्त टीमचा कॉमन साठा कोलवर असला पाहिजे, वेगळे मास्क आणि रेग्युलेटर सुद्धा, कारण बाटली असून रेग्युलेटर गोठला तर बाटलीचा काय उपयोग. आणि तुमच्या शेर्पाला किती बाटल्या हेही विचारा. त्याला तीन दिल्या आणि तुम्हाला सात, तर अडचण आल्यावर तो तुम्हाला मदत करणार कशाच्या जोरावर?

बाटल्या बेसकॅम्पला आल्या की गेज स्वतः बघा. 260 बार भरलेली बाटली म्हणजे 1040 लिटरच, वरच्या हिशोबातले 160 लिटर प्रत्येक बाटलीमागे गेले. यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही, चांगला लीडर स्वतःहून दाखवतो.

मग माणसं. "1:1 शेर्पा" हे सगळेच लिहितात. 2025 च्या नियमांतल्या दुरुस्तीनंतर 8000 मीटरच्या वरच्या शिखरांना दोन क्लाइंबरमागे किमान एक गाईड लागतोच, म्हणजे 1:1 म्हणजे कायद्यापेक्षा बरं एवढं नक्की. पण तुम्ही विचारायचं ते वेगळं. तुमचा पर्सनल शेर्पा त्याच सीझनमध्ये कॅम्प 2, 3, 4 चे लोड पण तोच नेणार आहे का? कोलवर वाऱ्यात टेंट तोच लावणार, बर्फ वितळवून पाणी तोच करणार, आणि चार तासांनी तुमच्याबरोबर समिटला तोच निघणार? कागदावर 1:1 च आहे पण तो माणूस तुमच्या आधी दमलेला आहे. व्यवस्थित कंपनीत लोड नेणारी टीम वेगळी असते, आणि समिटच्या रात्री कोलवर एक-दोन ताजे शेर्पा मुद्दाम मागे ठेवलेले असतात, रेडिओ चालू, बूट तयार. ही माणसं त्या रात्री बहुतेक वेळा काहीच करत नाहीत आणि त्यांचा पगार तुमच्या कोटेशनमध्ये असतो. त्याच पैशाला मी शिल्लक म्हणतोय.

एक सोपा प्रश्न विचारून बघा कंपनीला: सहा क्लायंट निघाले, त्यातला एक बाल्कनीवर म्हणाला मला जमत नाही, एकाला साऊथ समिटवर दिसेनासं झालं, तर कोण कोणाबरोबर खाली येणार? ज्याच्याकडे उत्तर तयार आहे तो बोलायला लागतो, नावानिशी सांगतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणतो आमची टीम खूप अनुभवी आहे.

लीडर कोण आहे ते नाव लेखी घ्या, तो बेसकॅम्पला बसून रेडिओवर असणार की वर येणार तेही. नेपाळमध्ये आता आयएफएमजीए (माउंटन गाईडांची आंतरराष्ट्रीय संघटना) दर्जाचे नेपाळी गाईड आहेत, तो बिल्ला म्हणजे खूप मोठं शिक्षण आहे. पण बिल्ला नसलेले आणि डोंगर पाठ असलेले शेर्पा दाई (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ) पण आहेत, त्यामुळे मी फक्त सर्टिफिकेट बघत नाही, याच डोंगरावर साऊथ कोलच्या वर किती सीझन आणि शेवटचा कधी हे विचारतो. आणि तुमच्यात आणि त्याच्यात भाषा कोणती हे पण बघा, बऱ्याच जणांचं हिंदी छान जमतं, ते वरती फार कामाला येतं. मास्क लावून, वाऱ्यात, अर्धवट इंग्रजीत "आय ॲम फाइन" म्हणणारा क्लायंट म्हणजे शेर्पाला काहीच कळत नाही.

आता टर्नअराउंड टाईम, म्हणजे समिट झालं नसलं तरी परत फिरायची ठरलेली वेळ. 10 मे 1996 ला काय झालं ते तुम्हाला माहीत असेल, गाईडेड टीम, दुपारी दोनला परत फिरायचं असं बोलणं झालेलं, काही जण त्याच्या बऱ्याच नंतर समिटला पोचले, वादळ आलं आणि त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून 8 जण गेले. वेळ ठरलेली होती, पाळली गेली नाही. त्यामुळे कंपनीला "टर्नअराउंड टाईम किती" हे विचारून फार काही कळत नाही, सगळे एक ते दोन सांगतील. विचारायचं असं, की गेल्या दोन-तीन सीझनमध्ये समिटच्या जवळून कोणाला परत फिरवलं का, कोणी फिरवलं, आणि तो क्लायंट भांडला तेव्हा काय केलं. यातच समिट बोनसची भानगड आहे. प्रथा अशी की क्लायंट समिटला पोचला तर शेर्पाला बोनस, नाही पोचला तर कमी किंवा काही नाही. विचार करा, ज्याने तुम्हाला "आता बस, परत" म्हणायचंय त्याचेच पैसे तुम्ही वर जाण्यावर लावून ठेवलेत! मी सांगतो की पूर्ण बोनस आधीच ठरवून टाका, समिट होवो न होवो, आणि बेसकॅम्पला लीडरसमोर त्याला स्पष्ट सांगा की दाई, तुम्ही फिरा म्हणालात की मी फिरणार. हे कंपनी तुमच्या वतीने नाही करत, तुम्हीच करायचं.

दिवसांचं. साधारण वेळापत्रक असं असतं की एप्रिलच्या सुरुवातीला काठमांडू, लुक्ला, मग आठ-दहा दिवस चालत नामचे, डिंगबोचे, लोबुचे करत बेसकॅम्प. सीझनमध्ये लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, मध्यरात्री गाडीने जावं लागतं, त्याचा एक दिवस जातोच. मग रोटेशन, म्हणजे वर जाऊन झोपून खाली यायचं. हल्ली बऱ्याच टीम पहिलं रोटेशन लोबुचे ईस्टला करतात, 6119 मीटर, कारण तेवढी उंची मिळते आणि आईसफॉलची एक फेरी वाचते. हे मला पटतं. 18 एप्रिल 2014 ला आईसफॉलमध्येच हिमस्खलनात 16 नेपाळी कामगार गेले, त्यानंतर आईसफॉलमध्ये जितक्या कमी वेळा जाल तितकं चांगलं यावर फार वाद राहिलेला नाही. दुसरं रोटेशन कॅम्प 2 ला दोन-तीन रात्री, कॅम्प 3 ला हात लावून परत. आणि मग वाट बघणं. खरी मोहीम या वाट बघण्यातच असते. मे महिन्यात पावसाळा यायच्या आधी जेट स्ट्रीम उत्तरेला सरकते, वरचा वारा पडतो, आणि बहुतेक वेळा महिन्याच्या मधल्या दहा-पंधरा दिवसांत समिटच्या खिडक्या मिळतात. कधी लांबलचक, कधी दोन-तीन दिवसांचीच. मे संपत आला की आईसफॉलचा रस्ता बंद होतो.

2019 ला नेपाळने 381 परमिट दिली होती, खिडकी तुकड्या-तुकड्यांत आली आणि 22-23 मेच्या आसपास वरच्या कड्यावर ती रांग लागली ज्याचा फोटो सगळ्या जगाने बघितला. रांगेत उभं राहणं म्हणजे काय? तास वाढले, म्हणजे वरचं ऑक्सिजनचं गणित गेलं, हालचाल नाही म्हणजे बोटं गेली. ज्या टीमकडे दिवस आणि बाटल्या शिल्लक असतात ती पहिल्या खिडकीची गर्दी सोडून देऊन पुढच्या खिडकीला जाऊ शकते. ज्याची रजा 25 मेला संपते आणि परतीचं तिकीट बदलता येत नाही तो त्या रांगेत उभा राहतो. म्हणून म्हणतो की ऑफिसमधून दोन महिन्यांची रजा मिळत नसेल तर आधी ते सोडवा, ट्रेनिंग नंतर. काही कंपन्या घरी हायपॉक्सिक टेंटमध्ये (आत ऑक्सिजन कमी ठेवलेला तंबू) झोपवून 30-35 दिवसांत करून आणतात, त्याने वेळ वाचतो खरा, पण शिल्लक दिवस पण तेवढेच कमी होतात हे कोणी सांगत नाही. 2025 च्या मे मध्ये चार ब्रिटिश क्लाइंबर झेनॉन गॅस घेऊन घरून निघाल्यापासून आठवड्याच्या आत समिट करून आले त्याची फार चर्चा झाली. त्यांनी आधी कित्येक आठवडे हायपॉक्सिक टेंट पण वापरले होते, त्यामुळे झेनॉनमुळे काय झालं आणि टेंटमुळे काय ते वेगळं काढता येत नाही, आणि यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या मेडिकल कमिशनने त्याच वर्षी जानेवारीत म्हटलंच होतं की झेनॉनने डोंगरावर कामगिरी सुधारते याला पुरावा नाही. त्याच्या मागे लागू नका.

शरीराबद्दल थोडक्यात, कारण हे डॉक्टरशी बोलायचंय. बेसकॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, समिटला एक तृतीयांश. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक थांबा, हा नियम कंपनीच्या वेळापत्रकाला लावून बघा, कुठे मोडलाय ते लगेच दिसतं. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घेणार असाल तर घरीच एकदा घेऊन बघा म्हणजे त्रास झाला तर तिथे कळायला नको, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. डेक्सामेथासोन हे मेंदूला सूज आली तर जीव वाचवायचं औषध आहे, समिटच्या दिवशी दम वाढावा म्हणून चघळायचं नाही. घेतात लोक, आणि लपवतात, आणि मग त्यांना खरंच सूज येते तेव्हा लीडरच्या हातात काही उरत नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, बेसकॅम्पला 2003 पासून एव्हरेस्ट ईआर हा दवाखाना चालतो, तुमची कंपनी तिथे नोंदणी करते का हे विचारा. खोकला तर सगळ्यांनाच होतो, कोरड्या थंड हवेने, त्यात बरगडी मोडण्यापर्यंत मजल जाते, तोंडावर पहिल्या दिवसापासून बफ ठेवा.

इन्शुरन्सचं एक बघून ठेवा. बऱ्याच पॉलिसी 6000 मीटरपर्यंतच असतात. कॅम्प 1 साधारण तेवढ्यावरच आहे, म्हणजे तुमचा विमा आईसफॉलच्या डोक्यावर संपला. शिखराच्या उंचीपर्यंतचा, दोर-क्रॅम्पॉन वापरून केलेल्या चढाईला लागू असलेला, शोध-बचाव धरणारा पाहिजे, आणि हो, मृतदेह खाली आणण्याचा खर्च सुद्धा, हे घरच्यांबरोबर बसून वाचा. हेलिकॉप्टर हवामान ठीक असेल तर कॅम्प 2 पर्यंत येतं, त्याच्या वर धरून चालू नका. तुमचा विमा बघता बघता कंपनीला हेही विचारा की शेर्पांचा विमा कितीचा आहे आणि कायद्याच्या किमान रकमेपेक्षा जास्त काढलाय का. उत्तर देताना आवाज बदलला तर समजून घ्या.

पैसे आणि करार. 2014 ला हिमस्खलनानंतर दक्षिणेकडचा सीझन संपल्यात जमा झाला, 2015 ला 25 एप्रिलच्या भूकंपात बेसकॅम्पवरच हिमस्खलन आलं आणि सीझन गेला, 2020 ला कोविडमुळे डोंगर बंद. सात वर्षांत तीनदा! तेव्हा "सीझन रद्द झाला तर काय" हे कलम कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असेल तर ते पहिलं वाचा. बहुतेक ठिकाणी पूर्ण रिफंड मिळणार नाही, परमिट आणि लोड वर गेलेले असतात, ते समजण्यासारखं आहे, पण पुढच्या वर्षी काय सवलत हे आकड्यात लिहिलेलं पाहिजे. आणि कोटेशनच्या बाहेरचा खर्च वेगळा मांडा: बूट, डाऊन सूट (पिसं भरलेला गरम पोशाख), स्लीपिंग बॅग, विमा, बोनस आणि टीप, काठमांडूतले जादा दिवस, सॅटेलाइट फोन. 42 हजाराचे 52 व्हायला वेळ लागत नाही.

आता तुमच्याबद्दल. आयलंड पीक छान आहे, 6189 मीटर, पण त्याने एव्हढंच कळतं की तुम्हाला जुमार लावता येतो. पोटरी मजबूत करायला वर्षभर लागेल, आठवड्याला आठ-दहा तास, त्यातलं बहुतेक बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने, पाठीवर वजन घेऊन चढ, जिममधले फोटो नकोत. पण मला फिटनेसची काळजी कमी असते, हातांची जास्त असते. जाड मिटन घालून, अंधारात, अँकरवर (दोर पक्का बांधलेली जागा) एक सेफ्टी (कमरेच्या पट्ट्यातून येणारा आखूड दोर आणि त्याची कडी) कायम लावलेली ठेवून दुसरी पुढच्या दोरावर टाकणं, हाताला दोर गुंडाळून उतरणं, आठ आकड्याच्या धातूच्या कडीने दोरावरून उतरणं, क्रॅम्पॉन घालून शिडी ओलांडणं, हे डोळे मिटून यायला पाहिजे. आणि मास्क लावून सराव करा, हे कोणी करत नाही. मास्क लावला की खाली बघताना स्वतःचे पाय दिसत नाहीत, वाफेने गॉगल धुरकट होतो, मग लोक गॉगल काढतात आणि डोळे घालवून बसतात. हे पहिल्यांदा 8400 मीटरवर कळायला नको.

मधल्या पायऱ्या सोडू नका. 2025 मध्ये नेपाळच्या संसदेत जे पर्यटन विधेयक आलं त्यात एव्हरेस्टच्या परमिटसाठी नेपाळमधलं एखादं 7000 मीटरचं शिखर आधी केलेलं असलं पाहिजे असा प्रस्ताव होता. कायद्याचं काहीही होवो, तुम्ही ते स्वतःला लावून घ्या. हिमलुंग 7126 मीटर किंवा बारुंत्से 7129, तिथे ऑक्सिजनशिवाय 6000 च्या वर लागोपाठ रात्री काढल्या की तुमचं शरीर कसं वागतं, जेवण जातं का, तिसऱ्या दिवशी चिडचिड होते का, हे कळतं. त्याच्यापुढच्या शरद ऋतूत मनास्लू, 8163. ते सोपं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, 2012 च्या सप्टेंबरमध्ये पहाटे हिमस्खलनाने तिथला वरचा कॅम्प झोपेतच गाठला होता, पावसाळ्याचा ताजा बर्फ असतो. पण मास्क, बाटली, डाऊन सूट, रात्रीची लांब चढाई, सगळ्याची खरी परीक्षा तिथे होते. कंपनीला विचारून घ्या की खऱ्या माथ्यापर्यंत नेता का, कारण वर्षानुवर्षं बरेच लोक अलीकडच्या उंचवट्यावरून फोटो काढून परत यायचे, 2021 ला ड्रोनच्या फोटोने ते सगळ्यांसमोर आलं.

शक्य असेल तर मनास्लू त्याच कंपनीबरोबर करा जिच्याबरोबर एव्हरेस्टला जायचा विचार आहे, आणि जमलं तर त्याच शेर्पाबरोबर. तिथे कळेल किचन कसं आहे, गेज दाखवतात का, हवामान खराब झाल्यावर लीडर काय बोलतो, पाठीमागे राहिलेल्या माणसाशी कसे वागतात. आणि रेफरन्स मागताना समिट झालेल्यांचे नंबर ते आनंदाने देतील, तुम्ही मागा ज्याला परत फिरवलं त्याचा. तो नंबर द्यायला जी कंपनी तयार नाही तिला डिपॉझिट पाठवायची घाई करू नका, आणि जी तयार आहे तिलाही मनास्लूहून खाली येईपर्यंत एव्हरेस्टचा पहिला हप्ता देऊ नका. नोव्हेंबरमध्ये दिला तरी बहुतेक वेळा पुढच्या वसंतात जागा मिळते.